कच्चे राहिलेले विद्यार्थी आणि महाविद्यालयांचे कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-गुणगौरव समारंभप्रसंगी दिलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. अध्यापक विद्यालयातील शिक्षण घेतले, तीस-बत्तीस वर्षे मराठी शाळेत मुलांना शिकविले आणि यथाकाल निवृत्त झालो. तेव्हा महाविद्यालयांविषयी बोलण्याचा अधिकार या मास्तरास कोणी दिला, असे कोणी विचारील तर तो प्रश्न अयोग्य म्हणता येणार नाही. माझे उत्तर एवढेच की, महाविद्यालयात जो विद्यार्थी अडतो त्याच्या अडण्याचे मूळ पुष्कळदा पाचवी-सहावीच्या वर्गात दडलेले असते. आणि त्या वर्गात मी माझे आयुष्य घालविले आहे.

ज्यांचा आज आपण नारळ, शाल व रोख पारितोषिक देऊन सत्कार केला, त्या मुलामुलींचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांचे यश त्यांच्या कष्टांचे आहे, त्यांच्या आईवडिलांच्या पुण्याईचे आहे. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते या व्यासपीठावर न आलेल्या मुलांविषयी. बारावीला पन्नास-साठ टक्के गुण मिळवून, घरच्यांनी जमीन गहाण टाकून वा बँकेचे कर्ज काढून ज्यांना खासगी महाविद्यालयात घातले, आणि पहिल्याच वर्षी ज्यांचे चार-पाच विषय राहिले, अशी मुले आपल्या प्रत्येक गावात आहेत. ती संमेलनास येत नाहीत. आली तरी मागच्या रांगेत बसतात. त्यांची नावे कोणत्याही यादीत छापली जात नाहीत. त्यांचे पुढे काय होते, हा आपल्या सर्वांच्या विचाराचा विषय आहे.

प्रथम ही परिस्थिती कशी उत्पन्न झाली ते पाहू. पूर्वी मॅट्रिक झाल्यावर महाविद्यालयात जावे लागे, व तेथील पहिले वर्ष प्रायः तयारीचेच असे. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली आणि १९७७ साली नव्या बारावीची. तयारीची दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयाकडे गेली. या योजनेत मूलतः दोष नव्हता. परंतु कालांतराने, विशेषतः विज्ञान शाखेत, अनेक ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालय हे नाव नोंदविण्यापुरते उरले आणि शिकविण्याचे काम शिकवणीवर्गाकडे गेले. ज्याच्या घरी पैसा त्याला चांगली शिकवणी; ज्याच्या घरी नाही त्याला मार्गदर्शक पुस्तकातील ठरावीक प्रश्नांचे पाठांतर.

दुसरी घटना १९८३ सालची. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास मोकळीक मिळाली. त्यापूर्वी आपली मुले या शिक्षणासाठी कर्नाटकात जात. या निर्णयाने खेड्यापाड्यांतील शेकडो घरांत पहिला अभियंता निर्माण झाला, हे उपकार विसरता येणार नाहीत. पण विनाअनुदानित संस्थेचा संसार शुल्कावर चालतो. जागा रिकामी राहिली की उत्पन्न बुडाले. सबब प्रवेशाचा दरवाजा रुंद ठेवणे संस्थेस भाग पडते. अभियांत्रिकीस बारावीच्या ठरावीक विषयांत मिळून खुल्या वर्गास ४५ टक्के व राखीव वर्गांस ४० टक्के गुण असले आणि सामायिक प्रवेश परीक्षेत शून्याहून अधिक गुण पडले की कोठे ना कोठे जागा मिळते. दरवाजा रुंद असावा, याच मताचा मी आहे. माझे म्हणणे इतकेच की, ज्याने दरवाजा रुंद केला त्याने आतील जिनाही चढण्याजोगा केला पाहिजे.

मुलांची तयारी किती कच्ची असते, याविषयी केवळ ऐकीव गोष्टी सांगणे बरे नव्हे. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे. तिचा २०२३ सालचा अहवाल ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलांविषयी होता. देशातील २८ जिल्ह्यांत केलेल्या त्या पाहणीत सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्याच भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता आला नाही. आणि तीन अंकी संख्येस एका अंकाने भागण्याचे उदाहरण केवळ ४३.३ टक्के मुलांना बरोबर सोडविता आले. हीच पिढी आज महाविद्यालयांच्या दारांत उभी आहे. तिला केवळ ‘अभ्यास कर’ असे सांगून भागणार नाही.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाचे उदाहरण सांगतो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी तो गणितात दोनदा अनुत्तीर्ण झाला होता. मुलगा कष्टाळू, रात्री जागून संकलनाची उदाहरणे पाठ करीत असे. त्याची वही पाहिली तेव्हा लक्षात आले की, संकलनाची रीत त्यास ठाऊक होती, पण मध्येच अपूर्णांक आले की उत्तर बिघडत असे. मी त्यास एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती, असे विचारले. त्याने क्षणात उत्तर दिले, “दोन पंचमांश.” अंशात अंश मिळविला, छेदात छेद मिळविला. वरवर पाहता ही अडाणी चूक होय. पण तिच्यामागे एक विचार आहे. अपूर्णांकांचा गुणाकार करताना अंशास अंशाने व छेदास छेदाने गुणतात. तोच नियम त्याने बेरजेस लावला. मी म्हटले, “बाळ, अर्धी भाकरी तुझ्या ताटात आहे. त्यात आणखी एक तृतीयांश भाकरी मी वाढली. आता तुझ्या ताटात अर्ध्याहून कमी भाकरी कशी राहिली?” तो पुष्कळ वेळ स्तब्ध बसला, आणि मग त्याच्या मुखावर जो उजेड पडला तो पाहण्यासाठीच शिक्षकाने शिक्षक व्हावे. पुढे बैजिक अपूर्णांक, मग आंशिक अपूर्णांक, अशा पायऱ्या आम्ही दीड महिन्यात चढलो. तिसऱ्या खेपेस तो विषय सुटला. त्यात माझी विद्वत्ता काही नव्हती. त्याची अडचण कोठे आहे हे कोणीतरी पाहणे आवश्यक होते, इतकेच.

आमच्या अध्यापक विद्यालयात यास निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन अशी नावे होती. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही, तद्वत शिक्षकाने चूक कोणत्या जातीची आहे हे पाहिल्यावाचून पुन्हा तोच धडा शिकवू नये. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने १९७० साली सर्व शालान्त विद्यार्थ्यांस प्रवेश खुला केला, तेव्हा लिहिता न येणारी हजारो मुले एकदम वर्गांत आली. प्राध्यापक हताश झाले. मीना शॉनेसी नावाच्या अध्यापिकेने मात्र त्या मुलांचे हजारो निबंध बारकाईने वाचून काढले आणि १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, या चुका आळसाच्या वा मंदबुद्धीच्या द्योतक नसून त्यांस स्वतःचे एक तर्कशास्त्र आहे. ते शिक्षकाने जाणले तर मार्ग सापडतो. परदेशातील ही गोष्ट आपल्या प्रत्येक शाळामास्तरास अनुभवाने पटेल.

आता आपल्याकडील व्यवस्था काय आहे ते पाहू. कायद्याच्या व नियमांच्या पातळीवर या गोष्टीचा विसर पडलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या उपचारात्मक वर्गांसाठी महाविद्यालयांस साहाय्य दिले. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ पासून नवागत विद्यार्थ्यांकरिता तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम सुचविला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी सेतू अभ्यासक्रम असावेत असे लिहिले आहे. ‘नॅक’च्या मूल्यांकनातही संथ गतीने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपण काय करता, अशी विचारणा महाविद्यालयांस होत आली आहे.

परंतु कागद आणि वर्ग यांत अंतर पडते. पुष्कळ ठिकाणी उपचारात्मक वर्ग सायंकाळी पाचनंतर ठेवतात. त्या वेळी खेड्यातून येणाऱ्या मुलास शेवटची एस.टी. गाठावयाची असते. तो वर्ग नवख्या, तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाकडे सोपवितात. तेथे तोच धडा, तोच फळा, तेच शब्द, केवळ अधिक घाईने. कित्येकदा तर हजेरीपत्रकावर सह्या होतात, छायाचित्र निघते, धारिका पूर्ण होते आणि समिती येऊन गेली की वर्ग बंद पडतो. काही ठिकाणी ‘संथ विद्यार्थ्यां’ची यादी सूचनाफलकावर लावण्यात येते. अठरा वर्षांच्या मुलाला सर्वांदेखत कच्चा ठरविल्यावर तो त्या वर्गाकडे फिरकेल, ही अपेक्षा करणेच चुकीचे. सर्वच संस्था अशा आहेत असे मी म्हणत नाही. काही महाविद्यालयांत एकेका अध्यापकाकडे वीस-पंचवीस मुले सोपवितात. तो त्यांची विचारपूस करतो, घरी दूरध्वनी करतो, आणि तेथील निकाल बोलका असतो.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. मराठी शाळेतून आलेल्या मुलास जडत्व, त्वरण, संवेग हे शब्द व त्यांचा अर्थ ठाऊक असतो. अकरावीत तेच ज्ञान इंग्रजी वेष घालून येते, आणि मुलगा त्यास ओळखत नाही. ओळख पटवून देण्याऐवजी तो ते नव्याने पाठ करतो. दोन वर्षे असे पाठांतर झाले की मराठीतील समज मागे पडते आणि इंग्रजीतील समज आलेली नसते. अशा मुलास इंग्रजी संभाषणाचा वर्ग देऊन उपयोग नाही. त्यास पाहिजे तो दोन्ही भाषांतील शब्दांचा मेळ घालून देणारा शिक्षक. २०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास अनुमती दिली, हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ज्या वर्गात अध्यापन इंग्रजीत चालते तेथेही पहिले सहा महिने मराठी शब्दाचा आधार देण्यास कोणाची हरकत असू नये.

कोणी म्हणेल, महाविद्यालय म्हणजे प्राथमिक शाळा नव्हे. तेथे अपूर्णांक शिकवू लागलो तर दर्जा घसरेल. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही दिले पाहिजे. न शिकविता, अंतर्गत गुणांची खैरात करून वर ढकलणे, याने दर्जा घसरतो. कच्चे पक्के करून मग त्याच परीक्षेस बसविणे, याने दर्जा टिकतो. थोरांची उदाहरणे आपल्यापुढे आहेत. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या नामदार गोखल्यांनी शाळेतील मुलांसाठी अंकगणिताचे पुस्तक सिद्ध केले; त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले आणि १९४७ साली तेथेच महाविद्यालय उभारले. आधी मुलाच्या जेवणाची व निवाऱ्याची सोय, मग शाळा, मग महाविद्यालय, असा तो क्रम होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दुसरे महाविद्यालय काढले. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षर आले नव्हते, अशांसाठी ती दारे उघडली. ही सर्व खासगी महाविद्यालयेच होती. खासगी या शब्दाचा अर्थ त्या काळी ‘समाजाने चालविलेले’ असा होता, हे विसरून चालणार नाही.

मग खरा उपचारात्मक वर्ग कसा असावा? माझ्या अल्प अनुभवावरून चार गोष्टी सांगतो. पहिली, प्रवेशानंतर पहिल्याच आठवड्यात साधी, निनावी वाटावी अशी चाचणी घ्यावी, आणि तिच्यातून गुण नव्हे तर चुकांचे प्रकार शोधावे. दुसरी, हा वर्ग नेहमीच्या वेळापत्रकात, दिवसा, लहान गटांत असावा. गट जातीवरून वा शुल्काच्या प्रकारावरून नव्हे, तर अडचणीवरून पाडावे. तिसरी, मूळ अभ्यास थांबवून वर्षभर मागचे शिकवीत बसू नये. पुढील आठवड्यात जो भाग येणार त्यास लागणारे मागचे ज्ञान या आठवड्यात पक्के करावे. अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०१५ पासून आपल्या महाविद्यालयांत हीच पद्धत अवलंबिली, कारण तयारीच्या लांबलचक वर्गांतच पुष्कळ मुले गळून जात. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: या वर्गास सर्वांत अनुभवी शिक्षक द्यावा. हुशार मुलास सामान्य शिक्षक चालतो. कच्च्या मुलास मात्र उत्तमच शिक्षक लागतो.

हे सर्व महाविद्यालयांनी करावयाचे. परंतु पालक म्हणून आपणही मौन धरून बसतो. मुलीचे स्थळ पाहताना दहा ठिकाणी चौकशी करणारे आपण, महाविद्यालयात मात्र इमारत, बस व उपाहारगृह पाहून शुल्क भरतो. यापुढे शुल्क भरण्यापूर्वी प्राचार्यांस नम्रपणे काही प्रश्न विचारावेत. पहिल्या वर्षात किती मुले बसली व सर्व विषयांत किती उत्तीर्ण झाली? मागे पडणाऱ्यांसाठी वर्ग कोणत्या वेळी भरतो व तो कोण घेते? गणिताचे अध्यापक कायम आहेत की दरवर्षी बदलतात? मुलगा दोन चाचण्यांत अनुत्तीर्ण झाला तर आम्हांस कळवाल काय? ज्या संस्थेस लपविण्यासारखे काही नाही ती आनंदाने उत्तर देईल. जी उत्तर टाळील, तिच्याविषयी आपणांस कळावयाचे ते कळलेच.

आता आपल्या ज्ञातिमंडळाविषयी दोन शब्द. मंडळाचा शिष्यवृत्ती निधी आपल्या वडीलधाऱ्यांनी पै-पै जमवून उभारला. त्याचा विनियोग बहुतांशी गुणवंतांच्या पारितोषिकांवर होतो. नव्वद टक्के गुण मिळविणाऱ्यास आपल्या पारितोषिकाने आनंद होतो, पण त्याचा मार्ग त्यावाचून अडत नाही. ज्याचा मार्ग अडतो त्याच्याकडे निधी वळला पाहिजे. मुलाचे वर्ष वाया गेले की त्या वर्षाचे शुल्क बहुधा पुन्हा घरच्यांनाच भरावे लागते, आणि कर्जाचे व्याज थांबत नाही. मुलीचे वर्ष वाया गेले तर परिणाम याहून कठोर असतो. “पुरे झाले शिक्षण” असे म्हणून तिच्यासाठी स्थळे पाहण्यास प्रारंभ होतो. एका गणिताच्या विषयापायी एका मुलीचे आयुष्य दुसऱ्या वळणास लागलेले मी आपल्याच ज्ञातीत पाहिले आहे, आणि आपणांपैकीही अनेकांनी पाहिले असेल.

म्हणून मी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवितो. एक, बारावीचा निकाल लागल्यापासून महाविद्यालये सुरू होईपर्यंत मंडळाच्या सभागृहात पूर्वतयारीचा वर्ग चालवावा. गणित, इंग्रजी वाचन आणि शास्त्रीय शब्दांची दोन्ही भाषांतील ओळख, एवढेच विषय पुरेत. निवृत्त शिक्षक आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत. आणि वरच्या वर्गात शिकणाऱ्या मुलामुलींनी लहानांस शिकवावे. मुंबईत व बडोद्यास ‘प्रथम’च्या बालसखी योजनेत, मागे पडलेल्या शाळकरी मुलांस वस्तीतीलच शिकलेल्या तरुणी लहान गटांत शिकवीत. पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले अभिजित बॅनर्जी व एस्तेर दुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह त्या योजनेची परीक्षा केली, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत मागे असलेल्यांस तिचा लाभ अधिक झाला. मोठ्या पदव्यांवाचूनही हे काम होते, याचा हा पुरावा होय. या वर्गाचे दार मात्र ज्ञातीपुरते बंद नसावे. शेजारचे कोणाचेही मूल आले तर त्यास बसावयास सतरंजी द्यावी. विद्या वाटल्याने कमी होत नाही.

दोन, पहिल्या वर्षाला गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे ज्ञातीतील एक वडीलधारी व्यक्ती नेमावी. तिने पंधरवड्यातून एकदा दूरध्वनी करावा. गुण विचारण्यापूर्वी जेवण, निवास व झोप यांची चौकशी करावी. परमुलखात एकट्या राहिलेल्या मुलास कोणी आपलेपणाने विचारणारे आहे, एवढ्यानेच पुष्कळ पडझड टळते.

तीन, पुढील वर्षापासून या समारंभात एक नवे पारितोषिक असावे. जो विद्यार्थी वा विद्यार्थिनी पहिल्या वर्षी विषय राहूनही खचली नाही, आणि दुसऱ्या वर्षी सर्व विषय सोडवून पुढे गेली, तिचा गौरव याच व्यासपीठावर, याच शालीने व्हावा. नाव जाहीर करण्यापूर्वी तिची संमती घ्यावी. पहिल्या पारितोषिकासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून यथाशक्ती रक्कम मी आजच कोषाध्यक्षांच्या स्वाधीन केली आहे.

बंधुभगिनींनो, मूल जन्मतः कच्चे नसते. कोठेतरी कोणीतरी त्याला कच्चे सोडून पुढे गेलेले असते. शाळेने सोडले, कनिष्ठ महाविद्यालयाने सोडले, आता शुल्क घेतलेल्या महाविद्यालयानेही सोडले तर त्याने जावे कोठे? ज्याच्या हाती ते शेवटी येते, त्याने ते पक्के करून सोडावे, हा शिक्षणाचा धर्म आहे. तो महाविद्यालयांनी पाळावा म्हणून आपण आग्रह धरू, आणि ते पाळीपर्यंत आपल्या सभागृहाचा दिवा तरी तेवत ठेवू.